नादिया नदीमला जमलं, मग मला का नाही?

ताई,
मी वीस वर्षांची आहे, मूळची कोल्हापूरची. दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात फुटबॉल जन्मापासूनच. काका पेठेच्या संघातून खेळायचे. मी त्यांच्या खांद्यावर बसून शाहू स्टेडियमवर सामने बघितलेत. पुढे मीही खेळायला लागले, फॉरवर्ड म्हणून. शाळा, जिल्हा, मग राज्याच्या सतरा वर्षांखालच्या संघात. कॉलेजात मुलींचा संघ नाही, म्हणून पहाटे ज्युनिअर मुलांबरोबर सराव करते. उन्हाळ्यात एका स्पर्धेत मला बघून एका क्लबने विचारलंय. महिला लीगसाठी चार महिने यायचं. राहणं-जेवण त्यांचं, वर थोडं मानधन. पण कॅम्प सुरू होतो तेव्हाच माझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा आहे. गेले तर वर्ष जाणार. बाबा साखर कारखान्यात आहेत. ते म्हणतात, "पाय मोडला तर ऑपरेशन थिएटरात उभी कशी राहशील?" मी त्यांना नादिया नदीमचे व्हिडिओ दाखवले. डेन्मार्कची फॉरवर्ड आहे, पॅरिस सेंट-जर्मेंला खेळली आणि डॉक्टरही झाली. तिला जमलं, तर मी एक वर्ष दिलं म्हणून काय बिघडतं? बाबा म्हणाले, "ती डेन्मार्क आहे." आता तुम्हीच सांगा.

(या पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात दोन ओळी होत्या : "मी तिची आई. तिला नाही म्हणायला जीभ रेटत नाही आणि हो म्हणायला धीर होत नाही.")

---

प्रिय मुली,

तुझं पत्र चार दिवस टेबलावर होतं. तुझी बाजू घ्यावी असं पहिल्या दिवशी वाटलं, बाबांची घ्यावी असं दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी मात्र नादिया नदीमची सगळी कारकीर्द सालवार कागदावर मांडली, कारण तुम्हा दोघांच्या भांडणात साक्षीदार म्हणून तू तिलाच उभं केलं आहेस. साक्षीदाराला बोलावलं, तर त्याचं सगळं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. बाबांना दाखवायला सोयीचं तेवढंच ऐकून चालत नाही.

तिचं म्हणणं तुला वाटतं त्यापेक्षा लांबलचक आहे, आणि ते तुझ्या बाजूचंही आहे. फक्त तू ज्या जागी ते वापरते आहेस, त्या जागी ते बसत नाही.

सुरुवातीपासून सांगते. नादियाचा जन्म २ जानेवारी १९८८ चा, अफगाणिस्तानातल्या हेरातचा. वडील अफगाण सैन्यात जनरल होते. पाच बहिणी. घराच्या बागेला उंच भिंती होत्या आणि त्या भिंतींच्या आत वडिलांनी मुलींच्या पायाशी चेंडू आणून ठेवला. बाहेर तालिबानची राजवट, मुलींच्या शाळा बंद. २००० साली तालिबानने वडिलांना ठार केलं. ज्या घरात कमावता पुरुष नाही आणि बाईला एकटीने रस्त्यावर निघायची मुभा नाही, त्या घरात आई आणि पाच मुली. आईने होतं ते विकलं, पाकिस्तानमार्गे खोट्या पासपोर्टांवर इटली गाठली आणि तिथून सगळ्या एका ट्रकमध्ये बसल्या. लंडनला उतरायचं असं ठरलं होतं. ट्रकचं दार उघडलं तेव्हा समोर डेन्मार्क होतं.

तू हे व्हिडिओत बघितलं असशील. त्यात संगीत असतं, त्यामुळे ते पटकन पुढे सरकतं. तू जरा थांब. बारा वर्षांची मुलगी, भाषा येत नाही, वडील नाहीत, ऑल्बोर्गजवळच्या निर्वासित छावणीत दिवस काढते आहे. छावणीच्या शेजारी फुटबॉलची मैदानं आहेत. तिथे मुली खेळताना दिसतात. मोकळ्या मैदानावर, रीतसर संघ करून, प्रशिक्षकासह. असलं दृश्य तिने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. ती रोज कुंपणाशी जाऊन उभी राहू लागली आणि एक दिवस विचारलं, मी येऊ का? तिचा पहिला क्लब गुग, तिथल्या वस्तीचा. मग ऑल्बोर्गचा बी-५२, मग व्हिबोर्ग, आणि २००६ पासून ऑर्हूस शहरातला स्कोवबाकन.

ऑर्हूस हे नाव लक्षात ठेव, कारण आपल्या कामाची गोष्ट तिथली आहे. याच शहरातल्या विद्यापीठात ती पुढे वैद्यक शिकली. म्हणजे क्लब आणि कॉलेज एका गावात, दोन्हीकडे सायकलवर जाता येईल अशा अंतरावर. डेन्मार्कमध्ये वैद्यकीय शिक्षण सहा वर्षांचं आहे आणि विद्यार्थ्याला त्यासाठी फी भरावी लागत नाही. उलट सरकारच दरमहा शिक्षणभत्ता देतं. मध्ये रजा घेऊन पुन्हा वर्गात येण्याची रीतसर सोय आहे. "ती डेन्मार्क आहे" असं बाबा म्हणाले, ते तुला झिडकारल्यासारखं वाटलं असेल. पण त्या तीन शब्दांत त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त सांगितलं, असं मला वाटतं.

आता तुझ्या वाक्याकडे येते : "तिला जमलं, तर मी एक वर्ष दिलं म्हणून काय बिघडतं?"

नादियाने एक वर्ष दिलं नाही. तिने तिच्या विशीतलं जवळजवळ सगळं आणि तिशीतलं थोडं दिलं. २०१२ मध्ये ती फॉर्च्युना योरिंगला गेली. हा डेन्मार्कच्या महिला फुटबॉलमधला मोठा क्लब. २०१४ मध्ये, सव्वीस वर्षांची असताना, अमेरिकेतल्या स्काय ब्लू या संघाकडे पहिल्यांदा गेली, तीही हंगामाच्या शेवटच्या टप्प्यापुरती. सहा सामन्यांत सात गोल मारले, म्हणून पुढच्या वर्षी परत बोलावणं आलं. त्यानंतर पोर्टलंड थॉर्न्सकडे दोन हंगाम. २०१७ मध्ये त्या संघाने अमेरिकेची लीग जिंकली. जानेवारी २०१८ मध्ये मँचेस्टर सिटी. तिथे पहिल्याच सामन्यात गोल, पण वर्षभरात तिथून निघाली आणि पॅरिसला आली. २०२०-२१ च्या हंगामात पॅरिस सेंट-जर्मेंच्या महिलांनी फ्रान्सची लीग पहिल्यांदा जिंकली. त्याआधी सलग चौदा वर्षं ती लीग लिऑन हा क्लब जिंकत होता. मग पुन्हा अमेरिका, लुइव्हिलचा संघ. या सगळ्या काळात डॉक्टरकीचा शेवटचा टप्पा बाकीच होता. डॉक्टर झाल्याचं तिने जाहीर केलं ते जानेवारी २०२२ मध्ये. वय चौतीस.

हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच वेगाने चालल्या असं तुझ्या मनात चित्र आहे. प्रत्यक्षात कधी ही पुढे, कधी ती पुढे असं चाललं. पण जी मागे राहिली, तिचं दार बंद होणार नाही याची तिला दरवेळी खात्री होती. डॅनिश विद्यापीठ तिला परत घेणार होतं. तुझं कॉलेज घेईल का, किती वर्षांपर्यंत घेईल, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. मला वाटतं तू ते शोधलंही नाहीस.

म्हणून मी शोधलं. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे प्रवेशाच्या तारखेपासून नऊ वर्षांच्या आत एमबीबीएस पूर्ण करावं लागतं. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे तुझ्या हातात थोडी मोकळीक आहे, नाही असं नाही. पण हजेरीचा नियमही आहे. थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के. हजेरी भरली नाही तर परीक्षेलाच बसू देत नाहीत. चार महिने कॅम्पला गेलीस तर तुझं फक्त एका परीक्षेचं नुकसान होत नाही. पॅथॉलॉजी, फार्मॅकॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी तिन्ही मागे राहतात. तुझी बॅच पुढे जाते आणि तू ज्युनिअर बॅचबरोबर पोस्टिंग करतेस. नुकसान किती महिन्यांचं हे तुझ्या कॉलेजचं ऑफिसच सांगू शकेल, आणि ते तू तोंडी विचारून घरी येऊ नकोस. अर्ज दे, पोच घे.

अर्जावरून नादियाच्याच कारकिर्दीतला एक प्रसंग सांगते. तो व्हिडिओंत फारसा येत नाही, पण माझ्या मते तुला सगळ्यात उपयोगाचा आहे. नादियाला डॅनिश नागरिकत्व मिळालं तरी ती राष्ट्रीय संघात खेळू शकत नव्हती. देश बदललेल्या खेळाडूने अठरा वर्षांचं झाल्यावर नव्या देशात पाच वर्षं राहिलेलं असलं पाहिजे, असा फिफाचा नियम. त्या हिशेबाने तिला आणखी काही वर्षं बाहेर बसावं लागलं असतं. डॅनिश फुटबॉल संघटनेने गप्प बसून वर्षं मोजली नाहीत. ही मुलगी निर्वासित म्हणून लहानपणी इथे आली, इथेच वाढली, असं म्हणत संघटनेने फिफाकडे दाद मागितली. फिफाच्या कायदा विभागाने तिच्या बाबतीत अपवाद केला. २००९ मध्ये अल्गार्व्ह चषकात अमेरिकेविरुद्ध ती डेन्मार्ककडून पहिला सामना खेळली. पुढे शंभराहून जास्त सामने झाले. ते सगळे एका अर्जाच्या पलीकडे होते.

तुझ्यासाठी अर्ज करणारी संघटना नाही, हे मला कळतं. तुझा अर्ज तुलाच करायचा आहे, डीनकडे आणि क्लबकडेही. तू पत्रात क्लबचं म्हणणं असं लिहिलं आहेस जणू ते दगडावर कोरलेलं आहे. कॅम्प अमुक तारखेला, यायचं तर या. पण तू त्यांना विचारलंस का, की माझी परीक्षा संपल्यावर आले तर चालेल का? मुळात त्यांनीच तुला बोलावलं आहे. ज्या क्लबला तू खरंच हवी आहेस, तो निदान हा प्रश्न ऐकून घेईल. उरलेल्या दोन-अडीच महिन्यांसाठी घेईल किंवा पुढच्या हंगामाचं बोलेल. नादियाचा अमेरिकेतला पहिला हंगामही अर्धामुर्धाच होता, वर सांगितलं ते पुन्हा वाच.

आणि ज्या क्लबला हा प्रश्नच नको असेल, त्याच्याकडे जाऊ नकोस. तो तुझ्या गुडघ्याचीही फिकीर करणार नाही.

गुडघ्याचं आता बोलते. बाबांचा पाय मोडण्याचा मुद्दा तू उडवून लावला आहेस. तू असं करू नयेस, कारण ॲनाटॉमी तुझी झालेली आहे. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला तो लिगामेंट, काय असतो, तो कशाने तुटतो आणि मुलींमध्ये तो मुलांपेक्षा जास्त वेळा का तुटतो, हे तू मला शिकवू शकशील. नादियाचा तो तुटला, सप्टेंबर २०२१ मध्ये, लुइव्हिलकडून खेळताना. त्या महिन्यांत तिने राहिलेली डॉक्टरकी संपवली. पत्रकारांनी याची छान गोष्ट केली : गुडघा गेला आणि पदवी आली. मला ती गोष्ट तेवढीशी रुचत नाही. गुडघा गेला तेव्हा अनेक वर्षांचा अभ्यास तिच्या गाठीशी होता, म्हणून राहिलेलं काम संपवता आलं. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला न बसलेल्या मुलीचा गुडघा गेला, तर तिच्या हातात काय उरतं, याचा विचार तू कर. बाबा तोच करत आहेत. त्यांना लिगामेंटचं नाव माहीत नसेल, भीती मात्र खरी आहे.

क्लबला लेखी विचार : दुखापत झाली तर एमआरआय आणि ऑपरेशनचा खर्च कोण करणार? विमा आहे का? फिजिओ कायमचा आहे की सामन्यापुरता? यांची उत्तरं "बघू", "होईल की" अशी आली, तर बाबांचं म्हणणं बरोबर ठरलं.

पैशांबद्दल तू एकच शब्द लिहिलास, "मानधन". त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण महिला फुटबॉलमध्ये जगभर तो प्रश्न आहे आणि नादियाची कहाणी त्याशिवाय अर्धी राहते.

२०१७ चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा. डेन्मार्कच्या मुलींची उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीशी गाठ होती. जर्मनीने सलग सहा युरो जिंकलेले, वर आदल्याच वर्षीचं ऑलिंपिक सुवर्ण. पाऊस इतका झाला की सामना दुसऱ्या दिवसावर गेला. रॉटरडॅमला भर दुपारी सुरू झाला आणि तिसऱ्याच मिनिटाला जर्मनीचा गोल. तू फॉरवर्ड आहेस, तुला ठाऊक आहे अशा वेळी काय होतं. सगळा संघ मागे ओढला जातो आणि पुढे एकटीला चेंडूशिवाय धावत राहावं लागतं. मध्यंतरानंतर चारच मिनिटांत नादियाने डोक्याने बरोबरी केली. शेवटची सात-आठ मिनिटं उरली असताना टेरेसा नीलसनने दुसरा गोल केला. जर्मनी घरी गेली. उपांत्य फेरीत ऑस्ट्रियाला पेनल्टींवर हरवलं. अंतिम सामना एन्स्खेडेला, यजमान नेदरलँड्सविरुद्ध, स्टेडियम सगळं नारिंगी. सहाव्या मिनिटाला डेन्मार्कला पेनल्टी, आणि ती मारायला पुढे आली नादिया. गोल. सामना २-४ असा गेला, पण उपविजेतेपद घेऊन त्या परतल्या तेव्हा कोपनहेगनने त्यांचं स्वागत केलं. डोळे मिटून तो पेनल्टीचा क्षण मी बघते तेव्हा मला बागेची ती उंच भिंत दिसते. हे लिहिताना भाबडी वाटेन, पण दिसते खरी.

आणि मग काय झालं बघ. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत याच संघाचं आपल्याच संघटनेशी पैशांवरून आणि करारावरून भांडण झालं. नेदरलँड्सविरुद्धचा मैत्रीपूर्ण सामना रद्द झाला. ऑक्टोबरमध्ये स्वीडनविरुद्धचा विश्वचषक पात्रतेचा सामना झालाच नाही, तो स्वीडनला ३-० असा बहाल केला गेला. नंतर करार झाला, पण डेन्मार्क २०१९ च्या विश्वचषकाला पोहोचू शकला नाही. युरोपातला उपविजेता संघ, श्रीमंत देश, तरी हे. डेन्मार्कमध्ये नादियाच्या पिढीच्या मुलींना फुटबॉलवर निर्धास्त जगता येईल इतके पैसे मिळत नव्हते. दुसरा व्यवसाय हाताशी ठेवणं हा तिचा छंद नव्हता, ती गरज होती. आपल्या महिला लीगमध्ये चार महिन्यांचं जे मानधन तुला मिळणार आहे, त्यावर उरलेले आठ महिने कसे जातील, याचा हिशेब करून बाबांपुढे ठेव. तो जमला नाही, तर ते लपवू नकोस. "पैसे पुरत नाहीत, तरी मला खेळायचं आहे" हे वाक्य खरं आहे आणि ते बाबांना सांगता येतं.

आता माझं मत. तुला ते आवडणार नाही, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. या परीक्षेला बस. क्लबला आजच लिही की पेपर संपले की मी येते. ते हो म्हणाले, तर डीनकडे अर्ज देऊन, पुढच्या वर्षाची हजेरी कशी भरून निघेल हे लेखी घेऊन जा. बाबांना स्टेशनवर सोडायला यायला सांग. नाही म्हणाले, तर हा हंगाम सोड.

तू म्हणशील, मग वय निघून जाईल. इथेच तुझी साक्षीदार तुझ्या बाजूने बोलते, आणि तू तिला हे विचारलंच नाहीस. ती परदेशात पहिल्यांदा खेळली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. जर्मनीला हेडर मारला तेव्हा एकोणतीस. फ्रान्सची लीग जिंकली तेव्हा तेहतीस. तू वीस वर्षांची आहेस. इंटर्नशिप संपेल तेव्हा चोवीसची असशील. तुझ्यासमोर हा एकच हंगाम आहे, असं तुला क्लबच्या फोनमुळे वाटतंय. अंगात जोर आणि मनात घाई असली की असंच वाटतं. फॉरवर्डला गोलपुढे उतावीळ होऊन चालत नाही हे तुझ्या काकांनी तुला शंभरदा सांगितलं असेल.

पण याला एक अट आहे, आणि ती मी तुझ्यापेक्षा तुझ्या घरच्यांना घालते आहे. "आधी डॉक्टर हो, मग खेळ" या वाक्यावर विश्वास ठेवून मुली खेळ सोडतात आणि मग परत कधीच मैदानावर येत नाहीत. मी स्वतः खो-खो खेळायची. बारावीच्या वर्षी थांबले. कुणी बंद कर म्हटलं नव्हतं. फक्त "यंदा राहू दे" एवढंच म्हटलं होतं. त्या "यंदा"ला आता सव्वीस वर्षं झाली. अजून संध्याकाळी कुठे पोरी खुंटाभोवती पळताना दिसल्या की माझे पाय थबकतात. तुझ्या बाबतीत हे मला होऊ द्यायचं नाही. त्यामुळे परीक्षेला बसायचं ते सराव चालू ठेवून. पहाटेचा तो सराव हा तुझ्या अभ्यासाच्या वेळापत्रकातला तास समजायचा, आणि तो तुझ्या आई-बाबांनीही तसाच मानायचा. फोनवर "अजून खेळतेस का?" असं विचारायचं नाही. "आज किती गोल?" असं विचारायचं.

कॉलेजात मुलींचा संघ नाही, असं तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मला तिथे थांबावंसं वाटलं. शंभर-दीडशेच्या बॅचमध्ये निम्म्याच्या आसपास मुली असतील, चार बॅच धरल्या तर कितीतरी. अकरा मिळणार नाहीत? सुरुवातीला पाच-पाच जणींचा खेळ होईल. फॉरवर्डला संघ लागतो. एकटीने भिंतीवर चेंडू मारून पास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा हे समजत नाही. मुलांबरोबर खेळतेस ते चांगलंच आहे, वेग वाढतो. पण तुझ्या मागे तीन वर्षांनी येणारी कुणी मुलगी कुंपणाशी उभी राहून बघत असेल, तर तिला दिसायला मुलीही मैदानावर हव्यात. नादियाने काय बघितलं होतं ते आठव.

तुझ्या बाबांसाठी दोन शब्द. दादा, तुमची मुलगी हट्टाने बोलते, पण ती तुम्हाला न सांगता गेली नाही. तिने मला पत्र लिहिलं आणि आईला वाचायला दिलं. ही मुलगी हाताबाहेर गेलेली नाही. "ती डेन्मार्क आहे" हे तुमचं वाक्य मी खरं मानलं. आता तुम्ही माझं एक माना. डेन्मार्कमध्ये सरकारने जे केलं, ते इथे घरालाच करावं लागणार आहे. तिला फी-भत्ता नको आहे. परीक्षेनंतर ती क्लबकडे गेली, तर परत आल्यावर "सांगितलं होतं ना" हे वाक्य घरात उच्चारायचं नाही, एवढंच तिला हवं आहे. गेलेले महिने भरून काढता येतात, पण त्या वाक्यानंतर मुली घरी काही सांगायचंच बंद करतात.

आणि तिच्या आईंना. तुमच्या दोन ओळी मी पत्रापेक्षा जास्त वेळा वाचल्या. नादियाची आई हमीदा पाच मुली घेऊन निघाली, तेव्हा त्यातली एक फुटबॉल खेळेल, डॉक्टर होईल, असलं काही तिच्यापुढे नव्हतं. ट्रक कुठे थांबणार हेही ठाऊक नव्हतं. तुमच्यापुढे प्रश्न त्याहून कितीतरी लहान आहे आणि तुमच्या हातात दोन नव्हे, तीन उत्तरं आहेत. "हो" आणि "नाही" यांच्यामध्ये "परीक्षा झाल्यावर" आहे. ते म्हणायला जीभही रेटेल आणि धीरही होईल. आणि जमलं तर एकदा तिचा सामना बघायला जा. तिच्या पत्रात काकांचे खांदे आहेत, बाबांचा कारखाना आहे, पण तिला खेळताना तुम्ही पाहिल्याचा उल्लेख कुठे नाही.

मुली, शेवटचं कामाचं. क्लबला लिहायचा मजकूर साधा ठेव : परीक्षेच्या तारखा, कधीपासून येऊ शकतेस, विमा आणि फिजिओबद्दलचे प्रश्न. नादिया नदीमचं नाव त्यात घालू नकोस. तुझे स्वतःचे सामने आणि गोल घाल. उत्तर द्यायला त्यांना आठ दिवस दे आणि ते आठ दिवस फार्मॅकॉलॉजीला दे. उत्तर काहीही आलं तरी मला कळव. त्यात विम्याबद्दल काय लिहिलंय ते आधी सांग.

तुझी,
ताई